कोलकात्यात मोजलेली अमेरिकेतली गावं

मला कोलकात्याला नेलं ते ‘नाही’ म्हणायला. देवीच्या दर्शनाला नाही, पूल बघायला नाही, हवापालटासाठीही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तासगावात सगळ्यांची समजूत अशी आहे की मुलाने आईला फिरवून आणली. मी बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीला जाते. तिथल्या बाया अजून विचारतात, “काय काय बघितलंस गं?” चार जणींनी एकदम माझ्याकडे पाहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. “चांगलं आहे,” एवढं म्हणून मी मान खाली घालते आणि मणी निवडत राहते. म्हणून हे वहीत लिहिते आहे. वही काही तोंडाकडे बघत बसत नाही.

झालं असं. माझा मुलगा सुधीर बँकेत अधिकारी आहे. चार वर्षांपूर्वी त्याची बदली कोलकात्याला झाली. त्याची मुलगी केतकी तिथेच शिकली. द्राक्षावर केवडा कसा पडतो, भुरी कशी येते, असल्या रोगांचा तिचा अभ्यास. आता पुढच्या शिक्षणासाठी तिला अमेरिकेतल्या दोन गावांनी बोलावलं होतं, एक शिकागो आणि एक सेंट लुईस. तिला सेंट लुईसलाच जायचं होतं, कारण रोपांच्या रोगांवर काम करणाऱ्या ज्या बाईंच्या हाताखाली तिला शिकायचं होतं, त्या तिथे होत्या. आणि सुधीरला तिला कुठेच पाठवायचं नव्हतं, कारण अमेरिकेत बंदुका आहेत.

पंधरा दिवसांत होय की नाही ते कळवायचं होतं. बापलेकीचं बोलणं बंद झालं होतं. पाडवा झाला आणि सुधीर मला न्यायला दारात हजर.

“आई, तू फक्त नाही म्हण. ती तुझं ऐकते.”

“आणि तुझं?”

“माझं ऐकत असती तर तुला न्यायला आलो असतो का?”

एवढं खरं बोलल्यावर मी पिशवी भरली. एक मोठा डबा भडंग, दोन किलो बेदाणा, सांडग्यांसाठी डाळ. शेडमध्ये शेवंताने बजावलं, “जपून गं. बंगालच्या बायका माणसाचा मेंढा करतात म्हणे.” मी म्हटलं, “सुधीर चार वर्षं तिथे आहे, अजून दोन पायांवर चालतो.” हे मी मनात म्हटलं. तोंडाने “बरं” म्हटलं.

हावडा

गाडीतल्या दीड दिवसाचं काय सांगायचं? डबा खाल्ला, झोपले, उठले, डबा खाल्ला. हावड्याला उतरलो तर केतकी फलाटावर उभी. बापाला तिने फक्त पाण्याची बाटली दिली आणि मला कडकडून मिठी मारली. सुधीर टॅक्सी बघायला निघाला. केतकी म्हणाली, “आजीला लाँचने नेते. तुम्ही सामान घेऊन या.” मिठीबरोबर सामानाचीही वाटणी झाली. आजी तिला आणि पिशव्या बापाला.

नदी एवढी रुंद असेल असं वाटलं नव्हतं. कृष्णेचं पात्र मला मोठं वाटायचं. इथे पाणी मातकट, वर जलपर्णीची हिरवी बेटं वाहत चाललेली, आणि डोक्यावर तो लोखंडी पूल. लाँच सुटली तशी मी कठडा घट्ट धरला. आजूबाजूला ऑफिसला जाणारे लोक उभ्याउभ्या पेपर वाचत होते. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात मातीच्या कपातला चहा. कठडा कुणीच धरला नव्हता. मग मीही एक हात सोडला.

केतकी कानाशी म्हणाली, “आजी, तुला ‘नाही’ म्हणायला आणलंय ना?”

मी पाण्याकडे बघितलं.

“आजी!”

“ते बघ, जलपर्णी किती आहे.”

“तू लबाड आहेस.”

“मी लाजरी आहे,” मी म्हटलं. आयुष्यभर मला याचा फार उपयोग झाला आहे. बोलायचं नसलं की माणसं म्हणतात, बिचारी लाजते.

सॉल्ट लेक

सुधीरचं घर सॉल्ट लेकमध्ये, एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तिथले रस्ते सरळ, झाडं भरपूर, आणि घरं एकासारखी एक. दारं सगळी हिरवी. यावरून पुढे फजिती झाली, ती सांगतेच.

घरात शिरल्या शिरल्या पहिला नजरेला पडला तो फ्रिज. त्यावर सुधीरने एक तक्ता चिकटवला होता. डाव्या बाजूला अमेरिकेतल्या गावांची नावं आणि उजव्या बाजूला तिथे वर्षात किती माणसं मारली गेली ते आकडे. सगळ्यात वर शिकागो, तांबड्या शाईत, खाली दोन रेघा. त्याच्या खाली न्यूयॉर्क, ह्यूस्टन अशी गावं. सेंट लुईस बरंच खाली होतं, पण सुधीरने तिथेही तांबडी फुली मारली होती. दूध काढायला गेलं तरी खून वाचावे लागत.

सून मंजिरी म्हणाली, “आई, आठवडाभर मी कोथिंबीर काढताना डोळे मिटते.”

जेवताना सुधीरने विषय काढला. “आई, तिकडे बंदूक दुकानात मिळते. आपल्याकडे कोयता मिळतो तशी.”

“बऱ्याच ठिकाणी,” केतकी ताटाकडे बघत म्हणाली. तिचं बापाशी बोलणं बंद होतं, त्यामुळे ती वरणाशी बोलत होती.

मला आमच्या शिवारातलं आठवलं. बांधावरून दोन घरांत भांडण पेटलं आणि एक जण कोयत्याने गेला. ज्याने मारलं त्याच्या हातात त्या वेळी तो कोयता होता, एवढंच. ऊस तोडायलाच आला होता बिचारा, असं लोक नंतर म्हणत. मी हे सांगितलं. केतकीने पहिल्यांदा मान वर केली.

“तिथेही पुष्कळदा असंच होतं, आजी. ओळखीच्यांचं भांडण, जुनी खुन्नस. फक्त हाताशी असतं ते वेगळं.”

“कोयत्याला जवळ जावं लागतं,” मी म्हटलं. “समोरच्याला पळता तरी येतं. बंदुकीपुढे पळून काय उपयोग?”

सुधीरने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आईने कामाला सुरुवात केली, असं त्याला वाटलं. मी घाईने पापड मागितला.

खालचं घर

तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर सांडगे घातले. मंजिरी म्हणाली होती, “आई, इथे चैत्रात संध्याकाळी वादळ येतं.” मी आभाळाकडे पाहिलं. निरभ्र. आमच्याकडे असं आभाळ असलं की आठ दिवस बघायला नको. चार वाजता वायव्येकडून काळंभोर काहीतरी उठलं आणि पंधरा मिनिटांत असा वारा सुटला की नारळाची झाडं आडवी व्हायला आली. कालबैशाखी म्हणतात त्याला. मी गच्चीकडे धावले. निम्मे सांडगे शेजारच्या इमारतीत गेले होते. उरलेलं ताट उचललं, तेवढ्यात पाऊस आला आणि दिवे गेले. अंधारात जिना उतरले, हिरवं दार उघडं दिसलं, आत शिरले, दिवाणावर बसले आणि खुंटीवरच्या पंच्याने तोंड पुसलं.

दिवे आले.

समोर खुर्चीत बनियन घातलेले एक टक्कल असलेले गृहस्थ, हातात ताडाचा पंखा. त्यांच्या शेजारी लाल काठाच्या साडीतली एक बाई. दोघंही माझ्याकडे बघत होती. मी एक मजला जास्त उतरले होते.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, ‘माफ करा, घर चुकले.’ मला काही तोंड उघडवेना. त्यांचा पंचा माझ्या हातात होता. काय करावं? मी उठून ताट त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं. जणू ते द्यायलाच आले होते.

गृहस्थ उभे राहिले. हात जोडून म्हणाले, “नमश्कार. आप सुधीर का माँ?”

मी मान डोलवली.

बाईंनी ओल्या सांडग्यांवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “बोडी!” त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी एक डबा आणला. त्यात वाळवलेले डाळीचे सांडगे. तंतोतंत आपलेच, आकाराने थोडे लहान. त्याला ते बोडी म्हणतात. आम्ही दोघींनी एकमेकींचे सांडगे हातात घेऊन पाहिले. त्यांना मराठी येत नव्हतं, मला बंगाली येत नव्हतं, आणि हिंदीत आम्ही दोघी सारख्याच अडाणी. पण डाळ किती वेळ भिजवली ते बोटांनी विचारता येतं. मला ‘माशिमा’, म्हणजे मावशी, म्हणून चहा आला, खारी निमकी आली, रसगुल्ला आला. तासाभराने मंजिरी मला शोधत आली तेव्हा मी दुसरा रसगुल्ला खात होते.

नंतर कळलं की घोषालबाबूंनी, म्हणजे त्या पंखेवाल्या गृहस्थांनी, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, इमारतीत सगळ्यांना सांगितलं, ‘मराठी लोकांत फार छान रीत आहे. वादळ आलं की शेजाऱ्याकडे ओले सांडगे घेऊन जातात.’ ही चूक मी अजून दुरुस्त केलेली नाही. कदाचित पुढच्या चैत्रात कुणीतरी मंजिरीच्या दारात ताट घेऊन येईल.

दुसऱ्या दिवशी ताट परत आलं, संदेश नावाची मिठाई भरून. रिकामं ताट परत करायचं नाही ही रीत दोन्हीकडे आहे, त्यामुळे पुढे ताट खाली-वर फिरतच राहिलं. आणि ताटाबरोबर मास्तरही यायला लागले.

तक्ता दुसरा

घोषालबाबू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. फ्रिजवरचा तक्ता त्यांनी पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“सुधीर, ये क्या किया? तुम बैंक का आदमी!”

“काय झालं मास्तरमोशाय?”

मास्तर म्हणाले, शिकागो केवढं मोठं गाव. तिथे माणसं जास्त म्हणून खूनही जास्त दिसणार. एक लाख माणसांमागे किती, ते बघायला पाहिजे. त्यांनी कागद मागितला आणि तिथेच बसून भागाकार सुरू केले. संध्याकाळपर्यंत फ्रिजवर दुसरा तक्ता लागला. शिकागो खाली घसरलं. न्यूयॉर्क तर पार तळाशी गेलं. आणि वर कोण? बाल्टिमोर, आणि त्याच्याही वर सेंट लुईस.

केतकीचा चेहरा पडला. मास्तर तिच्या बाजूने बोलतील असं तिला वाटलं होतं. मास्तर कुणाच्याच बाजूने नव्हते, ते भागाकाराच्या बाजूने होते.

सुधीर खूश. “म्हणजे माझ्या तक्त्याने शिकागो गेलं आणि तुमच्या तक्त्याने सेंट लुईस गेलं. विषय संपला.”

“बाबा, दोन्ही तक्ते एकदम कसे खरे धरता?” बोलणं बंद असूनही केतकी ओरडली.

“दोन्हींत तुझं गाव आहे म्हणून!”

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मी भडंगाचा डबा काढला.

आमच्या भडंगात मी सुक्या मिरचीचे तुकडे भरपूर टाकते. मास्तरांना त्यांची मुरमुऱ्यांची झालमुडी माहीत होती. ती ते मोहरीच्या तेलात कालवून, कच्ची मिरची घालून खातात. हे कुरकुरीत लसणीचं प्रकरण त्यांना नवं होतं. त्यांनी वाटीतून मूठभर घेतलं आणि दुसऱ्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. सुधीर मोठ्या डब्यातून खात होता, त्याला काहीच झालं नाही.

“तुमको नहीं लगा?” मास्तरांनी पाणी पिऊन विचारलं.

“नाही बुवा.”

“डिब्बे में तो मिर्ची जास्ती है!”

“डब्यात जास्त आहे,” मी म्हटलं. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू आलं आणि मी घाबरले, पण तोवर वाक्य निम्मं झालं होतं. “पण डब्यात मुरमुरेही जास्त. तुमच्या वाटीत मुरमुरे थोडे.”

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावर थाप मारली. “एइ तो! हेच ते! तुमची आई एक लाखाचा हिशोब शिकली!” केतकीने हे मराठीत सांगितलं, पण मला आधीच कळलं होतं. शेडमध्ये आम्ही दुसरं काय करतो? पेटी मोठी की छोटी याने माल ठरत नाही. मुठीत डागी मणी किती, याने ठरतो.

पण मला त्या वाटीबद्दल आणखी एक गोष्ट माहीत होती. मास्तरांची वाटी मी डब्याच्या तळातून भरली होती. डबा दीड दिवस गाडीत हलत आला होता. मिरची, शेंगदाणे, लसूण सगळं तळाला बसलं होतं. पाहुण्याला शेंगदाणे जास्त यावेत म्हणून मी तळातून दिली. आता हे सांगायचं म्हणजे पुन्हा तोंड उघडायचं. मी त्या दिवशी गप्प बसले.

दोन दिवस गप्प बसले. त्या दोन दिवसांत मंजिरीबरोबर बाजारात गेले. तिथे मासे जिवंत विकतात. टोपलीतला एक कोई नावाचा मासा उडी मारून माझ्या पायावर पडला आणि मी अशी किंचाळले की सगळा बाजार थांबला. कोळीणबाई हसून काय म्हणाली ते मंजिरीने सांगितलं, “माशिमाला पसंत केलंय त्याने!” घ्यावाच लागला. त्याचे काटे काढता काढता माझ्या मनात एकच घोळत होतं. मास्तर एवढे शिकलेले, सुधीर बँकेत. वानगी कुठून काढली हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

आमच्याकडे सौद्याला व्यापारी येतो तो पेटी उघडून वरवरची मूठ घेत नाही. वर आम्ही देखणाच माल लावतो, हे त्याला ठाऊक असतं. तो हात कोपरापर्यंत आत घालतो. वरून एक, मधून एक, तळातून एक. आणि पेटीचा कुठला कोपरा ओलीला लागला होता ते विचारतो. खराब माल पेटीभर सारखा पसरत नाही. ओल लागते तिथे तो धरतो.

पोइला बैशाख

बंगाली वर्षाचा पहिला दिवस आला. दुकानदारांनी मिठाई आणि कॅलेंडरं वाटली. खालच्या काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आलूदम, माशाचं डोकं घातलेली मुगाची डाळ. डोक्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि डाळ तेवढी वाढून घेतली. डाळीत साखर होती. आम्ही आमटीत गूळ घालतो, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अमेरिकेला कळवायचं होतं. जेवण झाल्यावर सुधीरने हात पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “आई, आता तू सांग. जाऊ द्यायचं का?”

सगळे माझ्याकडे वळले. मास्तर, काकू, मंजिरी, केतकी. माझे कान तापले. नाही म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि परत लाजायला मोकळी. केतकीने डोळे मिटले होते.

मी तिला म्हटलं, “ते गावाचं चित्र आहे ना तुझ्याकडे, रात्री उघडून बसतेस ते, आण.”

ती धावत वर गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. सेंट लुईसचा नकाशा. जिथे जिथे खून झाले तिथे ठिपके.

“पेटी कुठून कुठपर्यंत?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“गावाची हद्द.”

तिने बोटाने दाखवली. आणि मग तिलाच काहीतरी सुचलं. “आजी, या गावाची हद्द फार आखूड आहे. आजूबाजूची मोठी वस्ती हद्दीबाहेर धरतात. दुसऱ्या गावांनी आपली आजूबाजूची वस्ती पोटात घेतलीय.”

मास्तरांनी चष्मा खाली ओढला. “तो भागाकार में...” ते थांबले. खालची संख्या कुणी ठरवली हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. काकू त्यांच्याकडे बघून बंगालीत काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण चाळीस वर्षांच्या संसारातलं वाक्य होतं, सूर कळला.

“ओल कुठे आहे?” मी विचारलं.

ठिपके पेटीभर सारखे नव्हते. उत्तरेकडे दाट होते, एकावर एक. केतकीने सांगितलं की तिथे गरिबी आहे, घरं ओस पडलीत, खिडक्यांना फळ्या ठोकल्यात, कारखाने गेले, शाळा बंद झाल्या. मी म्हटलं, “म्हणजे तिथल्या बायांनी पोरं कशी वाढवायची?”

“तुझं कॉलेज कुठे? खोली कुठे? बस कुठून?”

तिने तिन्ही दाखवलं. पश्चिमेकडे. ठिपके विरळ. पण होते. एक अगदी बसच्या रस्त्याला लागून.

“हा आहे,” मी म्हटलं.

“हो. हा आहे,” केतकी म्हणाली.

मी सुधीरकडे वळले. “बघ. तुझा तक्ता खोटा नाही, मास्तरांचाही खोटा नाही. पण दोन्हींत केतकी कुठे राहणार ते नाही.”

सुधीरने वाकून तो ठिपका पाहिला. मला वाटलं, जिंकलो. मी मनात हसलेसुद्धा. मग तो हळू आवाजात म्हणाला, “आई, तुझ्याकडे पेटी आहे. मास्तरांकडे लाख आहेत. माझ्याकडे एकच आहे.”

माझं हसू गेलं. मला वाटत होतं तो हट्टी आहे, आकड्यांत चुकतो आहे, त्याला जरा हिशोब समजावला की झालं. त्याला हिशोब सगळा कळत होता.

“एका मण्याचा हिशोब मला येत नाही रे,” मी म्हटलं. “मास्तर, तुम्हाला येतो?”

केतकीने विचारून सांगितलं. मास्तरांनी पंखा खाली ठेवला. “ना, माशिमा. ओटा हय ना.” होत नाही.

काकू पानं लावत होत्या, त्यांचा अडकित्ताही थांबला.

केतकी म्हणाली, “बाबा, मला भीती वाटते.”

सुधीरने मान वर केली.

“रोज वाटते. मी रोज तो नकाशा उघडते. हा बसजवळचा ठिपका मला तोंडपाठ आहे. मी स्वप्नातसुद्धा त्या थांब्यावर उतरते. तरी मला जायचंय.”

“मग इतके दिवस का म्हणत होतीस, काही होत नाही, तुम्ही उगाच घाबरता?”

“खरं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघ, तुलाच भीती वाटते, मग बस घरी.”

“म्हणालोच असतो.”

“मग?”

सुधीरने तोंडावरून हात फिरवला. महिनाभर तो एका निर्धास्त पोरीशी भांडत होता, आणि निर्धास्त पोरीला कोण पाठवेल? आता समोर बसली होती ती घाबरणारी, ठिपके पाठ करणारी. त्याने खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बँकेत कर्जाचे कागद तपासताना असतो तसा.

“या खोलीपासून बसचा थांबा किती लांब आहे?” त्याने विचारलं.

“सहा मिनिटं.”

“याच्यापेक्षा जवळची खोली नाही मिळत?”

“शोधते.”

“आणि प्रयोगशाळेतून उशीर झाला तर कोण सोडतं?”

“कॉलेजची गाडी असते.”

“रोज? सुट्टीच्या दिवशी पण? विचारून घे. लेखी.”

मंजिरी उठली आणि काहीतरी आणते म्हणून वर गेली. तिला काही आणायचं नव्हतं. इतके दिवस तिला कुणी विचारलंच नव्हतं की तुझं काय मत आहे. मागाहून मी वर गेले तेव्हा ती फ्रिजसमोर उभी होती. दोन्ही तक्ते काढून तिने त्यांची घडी घातली होती. “आई, कोथिंबीर निवडून घेते,” ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

मला ‘नाही’ म्हणायला नेलं होतं. मी ‘होय’ म्हटलं नाही. ‘नाही’ही म्हटलं नाही. परतीच्या गाडीत सुधीर म्हणाला, “आई, तुला आणून काही फायदा झाला नाही.” मग त्याने माझं पांघरूण नीट केलं.

आता

केतकी ऑगस्टमध्ये गेली. खोली थांब्यापासून तीन मिनिटांवर मिळाली आहे. तिच्या बाई कडक आहेत, पण चांगल्या आहेत. तिथे बर्फ पडला की ती मला फोटो पाठवते, आणि मी शेवंताला दाखवते.

टीव्हीवर अमेरिकेत गोळीबार म्हटलं की शेडमध्ये सगळ्या बाया निवडणी थांबवून माझ्याकडे बघतात. पण बहुतेक वेळा बातमीत गावाचं नाव येण्याआधीच माझा फोन वाजतो. कोलकात्याहून घोषालमास्तर. ज्या माणसाने भागाकार करून सेंट लुईसला सगळ्यात वर बसवलं, तो आता पहाटेपासून त्या गावाच्या बातम्या वाचतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ सुरुवात.

“माशिमा! हमारा शहर नहीं है!”

“नाही ना?”

“नहीं, नहीं. दूसरा है. बहुत दूर.”

मी बायांना सांगते, “आपलं गाव नाही.” त्या “बरं झालं बाई” म्हणतात आणि पुन्हा हात चालू लागतात. मीही मूठभर बेदाणा पुढ्यात ओढते. परवाही असंच झालं. फोन आला, मी सांगितलं, बायांनी सुस्कारा सोडला. थोड्या वेळाने शेवंता म्हणाली, “पण मग कुणाचं गाव हाय गं ते?”

मी मास्तरांना परत फोन लावला आणि त्या गावाचं नाव विचारून घेतलं.